थोरल्या भाऊजींचं नाव

गोजरानं एसटीच्या पायरीवरच पदर डोक्यावर ओढला, मग पिशवी उचलली आणि मग खाली उतरली. वाशीच्या हायवेवर तिचं डोकं झाकलंय की उघडं, हे बघायला कुणाला वेळ होता? पण थोरले भाऊजी न्यायला येणार होते. आणि जगदाळ्यांच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरापुढं उघड्या डोक्यानं उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव तर जिभेवर आणायचंच नाही, असा रिवाज. रिवाज कुणी घातला? कुणाला ठाऊक नाही. घालणारे गेले मरून, पाळणाऱ्या बायका राहिल्या.

मग काही सांगायचं झालं तर काय करायचं? मधे जाऊ असते ना, मुक्ताबाई! भाऊजींना चहा हवाय का, हे गोजरा जावेला विचारणार, जाऊ आपल्या नवऱ्याला विचारणार, नवरा बायकोला सांगणार आणि बायको गोजराला. तिघं एकाच खोलीत, पण बोलणं आपलं पुण्याला वळसा घालून आल्यासारखं यायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरगी ज्ञानेश्वरी बारावीला गेली, नवरा जाऊन वर्ष उलटलं, तरी गोजरा आणि हौसेराव यांच्यात थेट असा एक शब्द कधी झाला नव्हता.

म्हणून परवा फोन आला तोही मुक्ताबाईचाच.

"गोजरे, हे म्हनत्यात, दोन दिस हिकडं येऊन जा. जमिनीला तुझं नाव लावायचा कागद करायचाय. तुझी सही लागंल."

गोजरा तेव्हा गोठ्यात होती. शेणाचा हात तसाच, फोन कानाला, आणि ती मटकन खाली बसली. म्हशीनं वळून बघितलं, हिला काय झालं म्हणून. झालं काय, तर जी गोष्ट मागून मागून तोंड दुखलं होतं, ती आपल्या पायानं चालत आली होती.

त्या जमिनीचं असं होतं. कोरेगाव तालुक्यात अडीच एकर रान, त्यात घेवडा आणि आलं निघायचं. म्हातारा वारला तेव्हा उताऱ्यावर एकट्या थोरल्याचं नाव लागलं. आपल्याकडची ती जुनीच रीत, की एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून थोरल्याचं नाव लावायचं आणि बाकीच्यांनी 'आपलंच आहे की' म्हणत राबायचं. थोरला हौसेराव कधीच मुंबईला गेलेला, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलायला. उचलता उचलता हमालांच्या टोळीचा मुकादम झाला, कोपरखैरण्यात घर केलं, घरावर माडी चढवली, माडीवर भाडेकरू बसवले. धाकटा मारोती गावात राहिला. नांगरट त्याची, पेरणी त्याची, आणि भांगलण, काढणी, रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या गोजराच्या. हौसेराव सणाला यायचा, बांधावर उभा राहून 'इथं आलं लाव, तिथं घेवडा लाव' असं सांगायचा आणि पोतंभर घेऊन परत जायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सरकारनं शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकायला लागल्यावर. सरकारला शेतकरी म्हणजे उताऱ्यावरचं नाव. घाम कुणाचा गळतो ते सरकारला कुठून दिसणार? हप्ता आला की तो कोपरखैरण्यात हौसेरावच्या खात्यात जाऊन पडायचा. रान एकीकडं, शेतकरी दुसरीकडं.

मग रोगाची साल आली. मार्केट कधी चालू, कधी बंद. सरकारनं शेतकऱ्याला आधार म्हणून हप्ता लवकर सोडला, आणि बातमीत गावोगावच्या शेतकऱ्यांचे हसरे फोटो दाखवले. हा शेतकरी मात्र त्याच आठवड्यात बायको घेऊन कांद्याच्या रिकाम्या ट्रकातून गावाला निघाला, आणि गावानं त्याला वेशीवर अडवला. रस्त्यावर बोरीच्या काटेरी फांद्यांची काटी टाकलेली, मोठमोठे दगड रचलेले. मुंबईकर आत येऊ द्यायचा नाही! आणि वेशीवर त्या रात्री पाळीनं पहारा कुणाचा? मारोतीचा. हातात काठी घेऊन सख्खा भाऊ उभा. मारोतीनं पंचांच्या पाया पडून बघितलं, मग घरी जाऊन भाकरी आणली, काटीवरून पलीकडं दिली, आणि दोघं भाऊ काटीच्या दोन बाजूंना रडले. पहाटे ट्रक माघारी गेला. हौसेराव ते विसरला नाही. "मला माझ्याच रानात पाय ठिवू दिला न्हाई," हे तो भेटेल त्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात रोग गावातच शिरला. मग काटी कुठं टाकणार? मारोतीला ताप आला, दोन दिवसांत धाप लागली. गावातल्या आशाताईनं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितलं आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला हलवा. जीपवाल्यानं भाडं मागितलं ते ऐकून गोजराचे कान गरम झाले. असल्या रोग्याला न्यायचं म्हणजे आगाऊ रोख पैसे पाहिजेत, म्हणाला. घरात तेवढे नव्हते, गावात कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. तिनं मुक्ताबाईला फोन लावला.

"आक्का, भाऊजींना सांगा, ह्यांना लई धाप लागलीया. शेताचा हप्ता आलाय म्हनं, तेवढा तरी लावून द्या. जीपवाला दारात हाय."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग मुक्ताबाई म्हणाली, "हे मार्केटात गेल्यात गं. आलं की सांगते."

जीपवाला वाट बघून गेला. मारोती दिवस उजाडायच्या आत गेला. पीपीईची पोती घातलेल्या चार परक्या माणसांनी त्याला नेला, आणि गोजरा अंगणातून बघत राहिली.

तेव्हापासून तिच्या मनात जावेबद्दल एक काटा होता. मुक्तीनं निरोप दिलाच नाही, असं तिला पक्कं वाटायचं. भाऊजींना कळलं असतं तर त्यांनी पाठवले नसते? कितीही झालं तरी पाठीला पाठ लावून आलेला भाऊ! दाबला निरोप, आपल्या पोळीवर तूप ओढून घेतलं सटवीनं. भाऊजींवर तिनं कधी संशय घेतला नाही. ज्याच्याशी माणूस बोलतच नाही, त्याच्याबद्दल वाईट तरी कसं वाटणार?

असो. आता नाव लागणार होतं, आणि नाव लागलं म्हणजे हप्ता तिचा, विहिरीवरची वीज तिची, आणि उद्या हौसेरावच्या मनात आलं आणि त्यानं रान दुसऱ्याला बटईनं दिलं, तर 'माझं आहे' म्हणायला तिच्याकडं कागद असणार. पोरीला तिनं सांगितलंसुद्धा, "तुझ्या बापाच्या राबण्याचं चीज झालं बघ." पिशवीत निवडलेला घेवडा भरला, नवं आलं घेतलं, ज्वारीचं पीठ घेतलं, आणि आली.

हौसेराव रिक्षा घेऊन आला होता. तो ड्रायव्हरशेजारी पुढं कोंबून बसला आणि गोजरा एवढ्या मोकळ्या मागच्या सीटवर एकटी. ड्रायव्हर म्हणाला, "मागे बसा ना काका, पोलीस पकडेल." हौसेराव म्हणाला, "तू चल रे, टेन्शन घेऊ नको." आता ड्रायव्हरला रिवाज कोण समजावत बसणार?

घरी मुक्ताबाईनं गळ्यात पडून रडून घेतलं. गोजरानं रडून घेऊ दिलं, पण तिचे हात काही जावेच्या पाठीवर गेले नाहीत. मुक्ताबाई फार वाळली होती. पहिल्या टाळेबंदीत काय काय झालं ते ती सांगत सुटली, टोळी घरात बसलेली, भाडेकरू भाडं न देता पळालेले, रेशनच्या तांदळावर काढलेले दिवस. "त्या शेताच्या पैशावर आमी जगलो गं तवा," ती म्हणाली. गोजरा म्हणाली, "खाल्लंत ते खाल्लंत, आक्का. त्याचं कुठं काय म्हनते मी?" आणि ते तिनं मनापासून म्हटलं. भुकेला अन्न लागलं, त्याचा हिशेब कसला मागायचा? काटा दुसऱ्याच गोष्टीचा होता.

जेवणं झाली. बायका स्वयंपाकघरात, हौसेराव बाहेरच्या खोलीत कॉटवर. आत भांडी घासताना गोजराला बाहेरून आवाज आला. हौसेराव तंबाखू मळत होता. त्याची एक लकब होती. मळून झाली की तळहातावर तीन थापा मारायचा, थाप, थाप, आणि जरा थांबून तिसरी. मग चिमूट ओठात.

गोजराच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. हा आवाज तिनं कुठंतरी ऐकला होता. सणावारी गावात ऐकला होताच, पण तसं नव्हे. कानाशी अगदी जवळून, भलत्याच वेळी ऐकलेला. आठवेना. "काय झालं गं?" मुक्ताबाईनं विचारलं. "काय न्हाई," म्हणून तिनं पातेलं विसळलं.

सकाळी तिघं शेजारच्याच बोनकोडे गावात निघाली. तिथं गल्लीत एका गाळ्यात नोटरीचं ऑफिस होतं. आत काचेच्या केबिनमध्ये वकील, बाहेर कॉम्प्युटरवर टायपिंग करणारी शर्मिला. ती तिथलीच, त्याच गावची मुलगी.

"बसा, बसा. मॅटर रेडी हाय, एकदा वाचून दाखवते, मग सर बोलवतील," ती म्हणाली. मग गोजराकडं बघून, "मावशी, शेती तुमी करता ना? आमची पन होती, हिथंच. आता तिच्यावर हीच बिल्डिंग हाय," असं म्हणून ती हसली.

हौसेरावनं घसा खाकरला. "वाचायचं काय त्यात? सही घ्या आन मोकळं करा."

"नाय काका, वाचून दाखवायलाच लागतं. सर चिडतात."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मार्केटात गाडी लागली होती, दोन टोळ्यांत जुंपली होती, मुकादम पाहिजे होता. तो "अरे, हात लावू नका कुणी मालाला, म्हटलं ना!" असं ओरडत रस्त्यावर गेला. फोनवर त्याचा हात हवेत नाचताना काचेतून दिसत होता.

शर्मिलानं वाचायला सुरुवात केली.

"मी, गोजरा मारोती जगदाळे, धंदा शेती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की..."

धंदा शेती! गोजरानं मान वर केली. आजवर कुठल्याही कागदावर तिचा धंदा लागला होता तो घरकाम. शर्मिला पुढं वाचत होती, की सदर जमीन मी स्वतः कसते, नांगरट, पेरणी, काढणी ही सर्व कामे मीच करते, माझे थोरले दीर नोकरीनिमित्त नवी मुंबई येथे राहतात व प्रत्यक्ष शेती करत नाहीत. ऐकता ऐकता गोजराचे डोळे भरून आले. किती खरं, किती सरळ लिहिलं होतं! मारोती असायला पाहिजे होता हे ऐकायला.

"...शासनाकडून महामारीच्या काळात व त्यानंतर जे शेतकरी साहाय्याचे हप्ते माझ्या दिरांच्या खात्यात जमा झाले, ते सर्व मला वेळोवेळी रोखीने मिळाले असून त्यांचा उपभोग मीच घेतलेला आहे. सबब सदर रकमेची परतफेड करण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील."

शर्मिला थांबली. "संपलं."

"संपलं?" गोजरानं विचारलं. "आन नाव?"

"कसलं नाव, मावशी?"

"उताऱ्याला माझं नाव लावायचं हाय म्हनून आलीया मी."

शर्मिलानं कागद उलटून बघितला, सुलटून बघितला. "ह्यात तसलं काय नाय. हे रिकव्हरीचं हाय. काकांना नोटीस आली ना, की तुमचा टॅक्स कापला जातो, तुमी अपात्र, पैसे परत करा. म्हणून हे. म्हंजे पैसे तुमी घेतले, आता तुमी भरनार." मग तिलाच काहीतरी कसंसं झालं असावं. "तुमाला सांगितलं नाय का?"

गोजरा जावेकडं वळली. मुक्ताबाई खाली बघत होती, हातातल्या पिशवीचा बंद पिळत होती.

खाल्लं एकानं आणि ओकायचं दुसऱ्यानं, हा कुठला न्याय? जन्मभर राबली तेव्हा शेतकरी तो, आणि भरायची वेळ आली तेव्हा शेतकरी ही! गोजराच्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग बाहेर पडला तो आधी जावेवर. जवळ तीच होती, आणि तो काटा वर्षभर सलत होता.

"आक्का, येवढं तुमाला ठावं हुतं, आन मला फोनवर काय सांगितलंत? नाव लावायचं हाय म्हनून! तुमचं हे पहिलं न्हाई. ह्यांना धाप लागली तवा मी फोन केला हुता. तो निरोप तुमी दिलाच न्हाई भाऊजींना. दिला असता तर माझा मानूस साताऱ्याला पोचला असता. गिळलात निरोप."

"गोजरे..."

"गिळलात! आन आता वर हे."

मुक्ताबाईनं काचेबाहेर बघितलं. हौसेराव पाठमोरा होता. ती एकदम खालच्या आवाजात, घाईघाईनं बोलायला लागली.

"निरोप द्यायचा काय? ते शेजारीच बसल्यालं. फोन मोठ्या आवाजावर हुता गं. तुझा सबूद न् सबूद ऐकला त्यांनी. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर हातानं न्हाई म्हनले. मार्केटात गेल्यात म्हन, असं खुनेनं सांगितलं. मी म्हनलं."

गोजराला एकदम सगळं ऐकू आलं. तो फोन, तिचं रडणं, आणि मग पलीकडं जरा वेळ काहीच नाही असं जे तिला वाटलं होतं, ते काहीच नाही नव्हतं. त्यात एक आवाज होता, थाप, थाप, आणि जरा थांबून तिसरी. हा माणूस भाऊ मरतोय हे ऐकत तंबाखू मळत बसला होता.

"कशापायी?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पैसं नव्हतं?"

"हुतं. तवा मार्केट चालू हुतं. पन कळसाची वर्गनी बोलून बसल्यालं गावात, म्हनले शब्द गेलाय, तेवढी आधी भरतो. आन म्हनले, त्यानं मला वेशीतनं माघारी लावला, जरा त्याला बी कळू दे, येका रातीनं काय मरत न्हाई. मरंल असं त्यांना वाटलं न्हवतं गं, आईशप्पत. नंतर लई रडले."

कळस! गावातल्या देवळाचा कळस चढवला तेव्हा गोजरा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन मिरवणुकीत होती, नवीन विधवा म्हणून मागं, पार मागं. देवळाच्या पायरीशी संगमरवरी फरशी बसवली, वर्गणीदारांची नावं कोरलेली, आणि सगळ्यांत वर थोरल्या भाऊजींचं, पूर्ण नाव, मुंबईकर या उपाधीसकट. दर सोमवारी ती त्या फरशीवरून ओला फडका फिरवायची. दिराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, पण फडक्यानं पुसायला रिवाजाची हरकत नव्हती. मारोतीची जीप त्या फरशीत होती.

"आन तुमी?" ती मुक्ताबाईला म्हणाली. "ते झोपल्यावर मागनं येक फोन करायचा हुता. कानातलं इकून पाठवते म्हनायचं हुतं. माझ्याकडं कायबी न्हवतं, तुमच्या कानात हाय की अजून."

मुक्ताबाईचा हात कानाकडं गेला. नवऱ्याचं पाप तिनं झाकलं, आणि झाकणारीच्या हाताला ते लागतंच.

दार उघडून हौसेराव आत आला. कपाळावरचा घाम पुसला. "झालं का वाचून? चला, सही करा."

केबिनमधून वकिलांनी हाक मारली. तिघं आत गेली, मागून शर्मिला कागद घेऊन. वकील वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. "या बाई लिहून देणार? बाई, कागदातला मजकूर समजला का? खरा आहे का?"

"खरा हाय साहेब," हौसेराव म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. त्यांना बोलू द्या."

गोजरा भिंतीला लागून उभी. पदर कपाळापर्यंत. हौसेरावनं बायकोकडं मान वळवली. एवढ्याशा केबिनमध्ये गोजरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, तरी तो बायकोलाच म्हणाला, "तिला सांग, नुसतं व्हय म्हन म्हनावं. आपली घरातली गोष्ट हाय. त्या नोटिशीपायी गावात माझ्या नावाचा बोभाटा झालाय, देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष म्हनून मला तोंड दाखवता येईना. येवढं केलं की पुढच्या महिन्यात तिचं नाव लावतो, सांग. आन न्हाई केलं, तर ह्या पावसापासनं रान दुसऱ्याला बटईनं दिलं म्हनून समज, हे बी सांग."

मुक्ताबाईनं तोंड उघडलं, आणि परत मिटलं. वर्षानुवर्षं या टोकाचं त्या टोकाला पोचवणारी बाई, आज तिनं निरोप तिथंच ठेवला.

वकिलांचा धीर सुटत चालला होता. "अहो, साधा प्रश्न आहे. हे हप्त्याचे पैसे प्रत्यक्षात कुणी घेतले? कुणी वापरले? नाव सांगा, म्हणजे झालं."

गोजराला रान दिसलं. विहिरीकडचा तुकडा, नुकत्या सऱ्या ओढून आल्याच्या लागणीसाठी तयार केलेला. 'व्हय' म्हटलं तर ते राहील, निदान पावसाळाभर राहील, आणि नाव लागेल ही आशा राहील. नाही म्हटलं तर उद्यापासून त्याच रानात रोजानं जायची पाळी येईल, आणि ज्ञानेश्वरीचं कॉलेज तिथंच थांबेल. हे सगळं तिला कळत होतं. ती काही खुळी नव्हती. पण त्या कागदावर सही करायची म्हणजे मारोती पैसे नव्हते म्हणून मेला, हे खोटं ठरत होतं. पैसे तर तिच्याच हातात होते, असं तिथं लिहिलं होतं. म्हणजे पैसे असून तिनंच त्याला मरू दिला, आणि खाली तिचीच सही.

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. घेतला आणि सरळ खांद्यावर टाकला. केस विस्कटलेले, मधे पांढरी बट. हौसेरावनं धाकट्या भावजयीचं उघडं डोकं जन्मात पहिल्यांदा बघितलं, आणि चटका बसल्यासारखी मान फिरवली.

"सायेब, लिवून घ्या," ती म्हणाली. "पैसं घेतलं हौसेराव यशवंत जगदाळे, मुंबईकर यांनी."

फरशीवर होतं तसं, एक अक्षर कमी नाही. मुक्ताबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. शर्मिलाला त्यात एवढं काय झालं ते कळलं नाही.

"म्हणजे मजकूर खरा नाही," वकील म्हणाले आणि कागद बाजूला सारला. "मग मी शिक्का मारू शकत नाही. तुमचं तुम्ही घरी मिटवा."

हौसेरावचं तोंड काळंठिक्कर पडलं. मग लाल झालं. पण बोलला तो बायकोशीच. "तिला सांग," तो दातओठ खात म्हणाला, "तिला सांग, आजपासनं रानात पाय ठिवायचा न्हाई म्हनावं. नाव काय, बांध बी बघायला मिळायचा न्हाई. सांग तिला!"

"मला सांगा," गोजरा म्हणाली.

तो बायकोकडंच बघत राहिला.

"त्यांना काय सांगता? मी हितं हाय. हातभरावर हाय. त्या रातीला बी मी हितंच हुते, फोनच्या पलीकडं. तवा मी म्हनत हुते, माझ्या मानसाला वाचवा. तुमाला सगळं ऐकू येत हुतं. तवा न्हाई म्हनायचं हुतं तुमच्या तोंडानं. मी ऐकलं असतं. दुसऱ्या कुनापुढं पदर पसरला असता, म्हस इकली असती. पन मी तुमची वाट बघत बसले, तुमी मार्केटातनं याल म्हनून. आता रानातनं काढताय न्हवं? काढा. खुशाल काढा. पन माझ्याकडं बघून, तुमच्या तोंडानं सांगा. गोजरा, रानात यायचं न्हाई, म्हना. मी उभी हाय."

ती खरंच उभी राहिली. वकील, शर्मिला, मुक्ताबाई, सगळे हौसेरावकडं बघत होते. पाठीवर पोती वाहून वाहून रुंद झालेला माणूस, मार्केटात शंभर माणसांवर ओरडणारा मुकादम. त्यानं गोजराकडं बघायचा प्रयत्न केला. नजर तिच्या पायांपर्यंत आली आणि तिथंच अडकली. त्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं तोंड भिंतीकडं केलं.

मग त्याचा हात आपसूक खिशात गेला. डबी निघाली, तंबाखू तळहातावर पडली, चुना लागला, अंगठा फिरायला लागला. तळहातावर एक थाप पडली. दुसरी पडली.

गोजरा तिसरीची वाट बघत थांबली. ती पडलीच नाही. हात तसाच वर राहिला, आणि तंबाखू बोटांतून फरशीवर सांडली.

तिनं पिशवी उचलली, आणि दार उघडून एकटीच वाशीच्या रस्त्याला लागली.